हिवाळ्यात ऊब हवी, आग नको: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी वाढली की हीटर कोणता घ्यावा, हे सगळे विचारतात. तो ठेवणार कुठे आणि झोपताना बंद कोण करणार, हे सहसा कुणी विचारत नाही. आग लावायला हीटर बिघडलेलाच असावा लागतो असं नाही. ठणठणीत चालणारा नवा हीटरही पडद्याशेजारी ठेवला की ते काम करतो. म्हणून खालच्या उत्तरांत उपकरणांपेक्षा जागा, वायर आणि झोप यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हीटर बाकीच्या वस्तूंपासून किती लांब ठेवायचा?

सगळ्या बाजूंनी निदान एक मीटर, म्हणजे तीनेक फूट. हे अंतर वस्तू आत्ता जिथे आहे तिथून मोजू नका, ती जिथवर पोचू शकते तिथून मोजा. पडदा वाऱ्याने फुगतो, रजईचं टोक झोपेत पलंगावरून खाली लोंबतं, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल घसरतो, मुलं उशा फेकतात. दुपारी सव्वा मीटर दिसलेलं अंतर पहाटेपर्यंत वीतभर झालेलं असू शकतं.

लालभडक कांडीच्या हीटरबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याची उष्णता हवेतून वाहत येत नाही, ती किरणांच्या रूपाने सरळ समोर फेकली जाते. त्यामुळे मधली हवा गार लागते आणि समोरचा सोफा मात्र तापत असतो. हीटरच्या बाजूला हात धरून "फार गरम नाही" असं ठरवू नका. समोर जी वस्तू आहे तिला हात लावून बघा. कागद साधारण २३० अंश सेल्सिअसला पेट घेतो आणि लाल झालेली तार त्याच्या कितीतरी पुढे असते.

कपडे वाळत नाहीत. हीटरवर टाकले तर काय होतं?

सुरुवातीला काहीच होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. कापडात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी संपलं की तेच कापड झपाट्याने तापायला लागतं. तोवर आपण दुसऱ्या खोलीत गेलेलो असतो. शिवाय कापडाने हीटरची जाळी झाकली गेली तर आतली हवा कोंडते आणि हीटर स्वतःही जास्त तापतो. वाळवायचेच असतील तर खोलीत दांडी बांधा, हीटर एक मीटरवर ठेवा आणि तुम्ही तिथे असाल तेवढाच वेळ चालवा.

सगळ्यात सुरक्षित हीटर कोणता?

पूर्ण निर्धोक असा एकही नाही, पण फरक आहे. तेल भरलेल्या रेडिएटरचा बाहेरचा पत्रा तापतो, मात्र उघडी लाल तार कुठेच नसते, त्यामुळे आगीच्या दृष्टीने तो बरा. वाईट बाजू ही की तो तापायला वेळ लावतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो. पंख्याचा हीटर लवकर ऊब देतो, पण आत धूळ खेचतो. कांडीचे क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर समोर बसलेल्याला लगेच शेक देतात आणि समोरच्या चादरीलाही तेवढाच देतात. लहान खोलीत, पलंगाजवळ, मी कांडीचा हीटर घेणार नाही.

प्रकार कुठलाही घ्या, तीन गोष्टी असायलाच हव्यात: तापमान राखणारा थर्मोस्टॅट, जास्त तापल्यास आपोआप बंद करणारी सोय आणि कलंडल्यावर बंद होणारा स्विच. शेवटची सोय दुकानातच तपासता येते. हीटर चालू करून जरा वाकडा करा, तो तत्काळ बंद झाला पाहिजे.

विजेची बचत म्हणून अमुक प्रकार घ्या, असं कुणी सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. १००० वॅटचा कुठलाही साधा हीटर तासाला एक युनिटच खातो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक पडतो तो उष्णता कशी पसरते आणि किती वेळ टिकते यात.

हीटर एक्स्टेन्शन बोर्डला लावला तर काय बिघडतं?

माझ्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच.

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर करंट खेचतो. मोबाईल, टीव्ही, दिवा यांच्यासाठी मिळणारे पुष्कळसे बोर्ड ६ अँपिअरचे असतात. बोर्डवर चार भोकं आहेत याचा अर्थ तो चार उपकरणांचं ओझं पेलतो असा नाही. त्यात वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की वायर चौपट तापते. म्हणून "थोडासाच जास्त लोड आहे" हे म्हणणं फसवं असतं.

वायर गुंडाळीत ठेवली असेल तर आणखी वाईट, कारण आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. सतरंजीखालून नेलेल्या वायरचंही तेच. वरून पाय पडून पडून आतले तांब्याचे बारीक तंतू तुटतात, उरलेल्या चार तंतूंवर सगळा करंट येतो, आणि हे सगळं अशा ठिकाणी घडतं जिथे कुणाची नजर जात नाही.

हीटर थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. त्या सॉकेटला दुसरं काही नको. भिंतीतलं सॉकेट लांब असेल तर हीटरची जागा बदला. तेही शक्य नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून हव्या त्या जागी पुरेशा जाडीच्या तारेचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या. मोठ्या पिनेचा प्लग लहान सॉकेटात बसवणारे अडॅप्टर मिळतात, ते हीटरसाठी वापरूच नका. सॉकेटाचा आकार वेगळा ठेवला आहे तो काही कारणानेच.

घरात एमसीबी बसवलेला आहे. मग काळजी कशाला?

एमसीबी तारेतून ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडतो. पण सॉकेटातला स्क्रू ढिला असेल, पिन सैल बसत असेल, तर त्या सांध्यापाशी उष्णता तयार होते आणि करंट मात्र वाढत नाही. एमसीबीच्या हिशेबी सगळं आलबेल असतं. इकडे सॉकेटाचं प्लॅस्टिक हळूहळू भाजून निघतं. शिवाय एमसीबी भिंतीतल्या जाड तारेच्या हिशेबाने निवडलेला असतो. तुमच्या बोर्डची बारीक वायर त्याच्या खिजगणतीत नसते.

आरसीसीबीचं काम निराळं. गळती झालेला करंट ओळखून तो शॉक लागण्यापासून वाचवतो. तो असणं चांगलंच, पण त्याच्या भरवशावर सैल सॉकेट वापरू नका. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून कुणी जास्त अँपिअरचा बसवून देतो म्हणाला, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

प्लग गरम लागतो. हे चालतं का?

कोमट चालेल. हात ठेवता येत नाही इतका गरम असेल तर चालणार नाही. नवीन हीटर घेतल्यावर किंवा नव्या सॉकेटला लावल्यावर अर्ध्या तासाने हीटर बंद करून प्लग काढा आणि पिना न धरता नुसत्या प्लॅस्टिकला हात लावून बघा. मग सॉकेटच्या भोकांकडे उजेडात नीट पाहा. करंट वाहणाऱ्या दोन भोकांपैकी एकाभोवती पिवळट-तपकिरी कडं दिसतं का? पिनेवर काळसर डाग आहे का? प्लग आत घालताना घट्ट बसतो की हलतो? तापलेल्या प्लॅस्टिकला बरेचदा कुजलेल्या मासळीसारखा वास येतो. घरात कुठेही तसलं काही नसताना भिंतीपाशी हा वास आला तर आधी मेन स्विच बंद करा आणि मग शोध घ्या. असं सॉकेट दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं.

रात्रभर हीटर चालू ठेवायचा असेल तर कोणती काळजी घ्यावी?

ठेवू नका. वाईट वाटेल, पण सल्ला एवढाच.

मात्र कुडकुडत झोपा असंही म्हणणं नाही. झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास दार-खिडक्या लावून खोली गरम करा आणि अंथरुणात शिरताना हीटर बंद करून प्लग काढा. विश्रांती घेणारं माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. ती पांघरुणाखाली अडवली की काम झालं. खालून येणारी थंडी लोक विसरतात. गादी पातळ असेल तर अंगावर तिसरी रजई घेण्यापेक्षा तीच अंगाखाली घाला, फरक लगेच कळेल. पायात मोजे, डोक्याला टोपी, दाराच्या फटीला गुंडाळलेलं जाड कापड. सगळी खोली रात्रभर तापवण्यापेक्षा माणूस उबदार ठेवणं सोपं आहे.

तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असल्यामुळे खोली गरम ठेवणं भागच असेल, तर थर्मोस्टॅट असलेला तेलाचा रेडिएटर, थेट भिंतीच्या सॉकेटला, पलंगापासून लांब, आणि खोलीत चालू असलेला स्मोक अलार्म, इतकं तरी हवंच. बाळाच्या अंथरुणात मात्र सैल पांघरुणं आणि टोपी नकोत. अंगाला बसणारे कपडे एकावर एक घाला.

टायमर किंवा स्मार्ट प्लग लावला तर?

हीटरचाच आतला टायमर बंद करण्यासाठी वापरत असाल तर उत्तम. बाहेरून लावायचे स्मार्ट प्लग हीटरच्या सततच्या लोडसाठी बनवलेले असतीलच असं नाही. आणि पहाटे आपोआप चालू होण्यासाठी टायमर लावणं मला अजिबात पसंत नाही. रात्रीतून हीटरवर काय पडलंय, हे त्या टायमरला कळत नाही.

वीज गेली तर काय करायचं?

सगळ्यात आधी हीटर, रॉड आणि इस्त्री यांचे स्विच बंद. अंधारात आपण मेणबत्ती शोधतो, शेजारी जातो, झोपून जातो, आणि वीज आल्यावर रिकाम्या खोलीत हीटर पुन्हा सुरू होतो. मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा वापरा. मेणबत्ती लावलीच तर ती जड, सपाट बशीत उभी करा आणि ती जळत असताना खोली सोडू नका.

कोळशाची शेगडी खोलीत ठेवली आणि खिडकी थोडी उघडी ठेवली, तर चालेल ना?

चालणार नाही. इथे आगीपेक्षा मोठा धोका कार्बन मोनॉक्साईडचा आहे. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायातलं बळ जातं. ज्याला धोका कळला त्यालाही कधी कधी उठून दारापर्यंत जाता येत नाही. झोपलेल्याला तर कळतच नाही.

"आधी बाहेर पेटवतो, धूर गेला की आत आणतो," असं पुष्कळजण सांगतात. धूर गेलेले लाल निखारेच जास्त फसवे. धुरामुळे निदान खोकला येतो, निखारे मात्र गुपचूप हा वायू सोडत राहतात. हा वायू हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो, त्यामुळे वर झोपलो काय नि खाली झोपलो काय, सारखंच. खिडकीची फट किती पुरेल हे वारा, खोली आणि कोळसा यांवर अवलंबून आहे, आणि त्याचा अंदाज झोपलेल्या माणसाने कसा करायचा?

घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत बरं वाटलं, तर सर्दी समजून परत आत जाऊ नका. सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडी टाका आणि डॉक्टर गाठा. लाकूड, कोळसा, गॅस किंवा रॉकेल जाळून खोली तापवणाऱ्या प्रत्येक घरात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवा. स्मोक अलार्म ते काम करत नाही.

गॅसचा बर्नर चालू ठेवून खोली गरम केली तर?

तीच गोष्ट. ज्योत बंद खोलीतला ऑक्सिजन खाते, आणि वाऱ्याने विझली तर गॅस साठतो. स्वयंपाकाची शेगडी स्वयंपाकासाठीच.

रॉकेलचा किंवा सिलिंडरवरचा हीटर वापरावा का?

दुसरा पर्याय नसेल तर, हवा खेळती ठेवून, जागेपणी. रॉकेलच्या हीटरमध्ये रॉकेलच घाला. थोडं पेट्रोल मिसळलं तरी हीटरचा बॉम्ब होतो. रॉकेलची वाफ पेट घ्यायला ते साधारण ३८ अंशांच्या वर तापावं लागतं, पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटू शकते. इंधन भरायचं ते हीटर पूर्ण गार झाल्यावर आणि घराबाहेर. सांडलेलं पुसून मगच आत आणायचं.

सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, खोलगट जागेत साचतो. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो, ओळखू यावा म्हणून वासाचं रसायन मुद्दाम मिसळलेलं असतं. तो वास आला की स्विच चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि फोन बाहेर जाऊन करा.

शेकोटी विझली. राख कधी टाकायची?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप उशिरा. राख उष्णता धरून ठेवते. वरचा थर पांढरा, गार, बोटाने सारता येईल असा असतो आणि दोन बोटं खाली सुपारीएवढा निखारा लाल असतो. असे निखारे एक-दोन दिवसही जिवंत राहिलेले असतात. ती राख प्लॅस्टिकच्या कचरापेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात गेली, वर वारा लागला, की काम झालं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरा, पाणी ओतून ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि बादली घराबाहेर, लाकडी फळीवर नव्हे तर फरशीवर किंवा मातीवर ठेवा.

घरात धुराड्याची चूल किंवा भिंतीतली शेकोटी असेल तर धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्या. ओलं लाकूड जाळलं की धुरातलं डांबरासारखं किटण आतून चिकटत जातं आणि एखाद्या दिवशी तेच पेटतं. लाकूड वाळलेलं हवं. समोर जाळी हवी, कारण लाकूड तडतडलं की ठिणगी चांगली लांब उडते.

इलेक्ट्रिक ब्लँकेट सुरक्षित आहे का?

नीट वापरलं तर हो, आणि वीजही कमी खातं. चूक होते ती घडी घालताना. आत तापणारी बारीक तार असते, घडीच्या जागी ती वाकून वाकून तुटायला येते. म्हणून सपाट पसरून किंवा सैल गुंडाळून ठेवा. चालू असताना त्यावर जड गाद्या, पिशव्या, लोळणारं मांजर नको. टाचण्या लावू नका. ओलं झालं तर पूर्ण वाळेपर्यंत चालू करून "वाळवू" नका. कुठे भाजल्याचा डाग दिसला, तार टोचली, कंट्रोलरची वायर सैल झाली, तर ते टाकून द्या. काहीच दिसलं नाही तरी दहा वर्षांनी बदला. अंथरूण गरम करण्यासाठी वापरा आणि झोपताना बंद करा. रात्रभर चालवायला बनवलेलं असल्याचं त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तान्ह्या बाळांना आणि उष्णता जाणवत नाही अशा माणसांना ते देऊ नका.

मग गरम पाण्याची पिशवी बरी?

आगीच्या दृष्टीने फारच बरी. भाजण्याच्या दृष्टीने थोडं जपायला हवं. उकळतं पाणी नको, पिशवी दोन तृतीयांशच भरा, हवा दाबून काढा, मग बूच लावा आणि वर कापडी गवसणी घाला. रबराला भेगा दिसल्या, कडक झालं, की बदला. दोनेक वर्षांनी तसंही बदलावं.

कमी तापमानालाही त्वचा भाजते, हे फार जणांना ठाऊक नसतं. ४४ अंशांची वस्तू सहा तास एकाच जागी टेकून राहिली तर भाजतं. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाला पिशवी रात्रभर पायाशी देणं म्हणूनच धोक्याचं. अंथरूण गरम करा आणि झोपताना पिशवी बाहेर काढा. इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि पिशवी एकत्र तर नकोच. एक जरी थेंब गळला तरी वीज आणि पाणी एकाच अंथरुणात.

पाणी तापवायच्या रॉडने आग लागते का?

लागते. रॉड पाण्यात असेपर्यंत पाणी त्याची उष्णता ओढून घेतं. बादली कलंडली, पाणी आटलं, कुणी चालू रॉड बाहेर काढून ठेवला, की काही क्षणांत तो लाल होतो. प्लॅस्टिकची बादली वितळते आणि पेटते. रॉडवर कमाल आणि किमान पातळीच्या खुणा असतात, पाणी त्या दोहोंमध्ये हवं. रॉड बादलीच्या भिंतीला टेकू देऊ नका. आधी रॉड पाण्यात, मग स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, थोडं थांबून मग रॉड. पाणी तापलं का हे बघायला बोट घालायचं ते प्लग काढल्यावरच. आणि रॉड लावून "तोवर जरा पडतो" असं करू नका, मोबाईलवर गजर लावा.

कोणते कपडे लवकर पेटतात?

शुद्ध लोकर सहजी पेटत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, लोकरीला जळत राहायला साधारण २५ टक्के लागतो, त्यामुळे ज्योत बाजूला केली की ती बहुधा विझते. सुती कापड पेटतं आणि जळत राहतं, त्यातही पृष्ठभागावर लव असलेलं मऊ कापड फार भराभर. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतात. लोकरीसारखं दिसणारं स्वस्त विणकाम बरेचदा अॅक्रिलिकचं असतं, आणि ते चांगलं जळतं. चुलीपाशी किंवा शेकोटीपाशी बसताना शालीची टोकं, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या.

घरात लहान मुलं आणि वयस्कर माणसं आहेत. वेगळं काय करायचं?

मुलांसाठी हीटरभोवती एक मीटरची रेघ खडूने किंवा चिकटपट्टीने आखा. नुसतं "जवळ जाऊ नको" म्हणण्यापेक्षा दिसणारी रेघ मुलांना चटकन समजते. आजी-आजोबांच्या बाबतीत अडचण उलटी असते. त्यांना थंडी जास्त वाजते म्हणून ते हीटर ओढून जवळ घेतात आणि खुर्चीतच डोळा लागतो. त्यांना रागावून उपयोग नाही. पायांवर घोंगडी, पाठीशी उशी, गरम पेय असं आधी द्या, म्हणजे हीटर ओढावासाच वाटणार नाही. अंथरुणात विडी-सिगारेट ओढण्याची सवय असेल तर ती मात्र रागावूनही मोडली पाहिजे.

मांजर हीटरपाशीच झोपणार, हे गृहीत धरा. हीटर मांजराच्या धक्क्याने न कलंडणारा घ्या.

उशीखाली मोबाईल चार्जिंगला लावला तर?

पांघरुणात उष्णता कोंडते आणि लिथियम बॅटरीला ती सोसत नाही. चार्जिंग टेबलावर करा. हेच पॉवर बँकेचं आणि बॅटरीवर तापणाऱ्या जॅकेटचं.

स्मोक अलार्म खरंच लागतो का? धुराचा वास येईलच की!

गाढ झोपेत वासाने जाग येईल याचा भरवसा नाही. आणि घरातल्या आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळांनी नव्हे, धुराने दगावतात. फोमच्या गाद्या, सोफे जळताना कार्बन मोनॉक्साईडबरोबर हायड्रोजन सायनाईडही बाहेर पडतो. भरगच्च सामान असलेली खोली काही मिनिटांतच पूर्ण पेटू शकते. अलार्म देतो ती एक-दोन मिनिटं, आणि त्यांचाच काय तो उपयोग. झोपायच्या प्रत्येक खोलीत आणि खोल्यांबाहेरच्या वाटेवर एकेक, छताला. धुमसणारी आग फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने धूर ओळखणाऱ्या, अलार्मला लवकर कळते. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदला. स्वयंपाक करताना ओरडतो म्हणून त्याची बॅटरी काढू नका, त्याची जागा हलवा.

रात्री खोलीचं दार लावून झोपा. साधं बंद दारही धूर आणि उष्णता काही मिनिटं थोपवतं.

आग लागलीच तर पहिलं काय करायचं?

आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, तुमच्या पाठीमागे बाहेर जायची वाट मोकळी असेल आणि हाताशी पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साईडचं अग्निशामक असेल, तरच विझवायच्या भानगडीत पडा. विजेच्या उपकरणावर पाणी नको. हात पोचत असेल तर आधी मेन स्विच बंद. तेल पेटलं तर आच बंद करून कढईवर झाकण सरकवा, पाणी तिथेही नको.

यापेक्षा मोठी आग असेल तर सगळ्यांना हाक मारून बाहेर पडा, जाताना दार ओढून घ्या. धूर असेल तर रांगत जा, जमिनीजवळची हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. बंद दार उघडण्यापूर्वी हाताची मागची बाजू लावून बघा, गरम असेल तर दुसरी वाट धरा. लिफ्ट नाही. दागिने, कागदपत्रं, चार्जर यांच्यासाठी परत आत नाही. अग्निशमन दलाला फोन बाहेर आल्यावर.

अंगावरचे कपडे पेटले तर धावू नका. थांबा, खाली पडा, चेहरा हातांनी झाका आणि लोळा.

भाजल्यावर काय लावायचं?

लावायचं काहीच नाही. वीस मिनिटं नळाचं गार, वाहतं पाणी. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको, शाई नको. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. कापड त्वचेला चिकटलं असेल तर ओढू नका. नंतर स्वच्छ कापडाने सैल झाका आणि फोड मोठा असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा धूर छातीत गेला असेल तर दवाखाना.

गेल्या वर्षीचा हीटर माळ्यावरून काढला. लगेच लावू का?

आधी जाळीतून ब्रशने धूळ झाडा, प्लगपासून हीटरपर्यंत पूर्ण वायर बोटांमधून सरकवत बघा. उंदराने कुरतडलेली जागा नजरेला दिसत नाही, पण बोटाला लागते. मग उघड्या खिडकीपाशी, तुमच्या देखत, पंधरा मिनिटं चालवा. सुरुवातीला येणारा जळका वास राहिलेल्या धुळीचा असतो आणि पाच-दहा मिनिटांत जातो. तो गेला नाही, किंवा रबर जळल्यासारखा वास आला, तर हीटर बंद. वायर कापली गेली असेल तर चिकटपट्टी लावून भागवू नका, पूर्ण वायर बदलून घ्या. दुरुस्त होण्यासारखा नसेल तर भंगारात देण्यापूर्वी त्याचा प्लग कापून टाका, म्हणजे पुढे कुणी "चालतोय का बघू" म्हणून तो लावणार नाही.